सुपडाबाई, शेगडी उचल

सुपडाबाई, आधी ती शेगडी उचल.
वैशाखात पत्र्याखाली कोणी निखारे ठेवतं का?
चोपड्यात आज पंचेचाळीस आहे,
माझ्या स्कूटीच्या सीटवर भाकर भाजली जाईल,
आणि तू सुनेला स्वेटर घातलास, कानांत कापूस,
खाटेखाली धग.
"मना सासूनी माले बी असाज शेक दिन्हा."
दिला असेल. तू पौषात बाळंत झाली होतीस.

दीपमाला, स्वेटर काढ. पाणी पी.
तांब्या उशाशीच राहू दे,
पोर लुचायला लागली की तुझाच घसा कोरडा पडेल.
तिला मात्र पाणी नाही, बोटभरसुद्धा नाही,
बाहेर कितीही रणरणू दे.
तिचं पाणी तुझ्या दुधातच आहे.

दवाखान्यातून आल्या आल्या
पिवळा चीक कुठे पिळलात? मोरीत?
सुपडाबाई, तुझी म्हैस व्याली
तेव्हा गल्ली वाट्या घेऊन उभी होती,
वेलदोडा घालून खरवस मलाही पाठवलास.
माणसाच्या वासराचा वाटा तेवढा मोरीत?

जाऊ दे. अजून येतोय.
पोरीला उघडीच छातीवर घे,
कातडीला कातडी, वरून जुनं लुगडं.
तोंड मोठं उघडू दे तिला,
नुसतं बोंड नको, भोवतालचं काळंही आत जाऊ दे.
दुखलं तर करंगळी घालून सोडव, पुन्हा लाव.
"दूधज ई नही राह्यनं" म्हणू नकोस गं.
तिचं पोट केवढं? बोराएवढं.
पाचवी पुजून झाली की लंगोट मोज,
दिवसाला सहा ओले निघाले
की समज, भरतंय.

नाळेला राख नको. डोळ्यांत काजळ नको.
मधाची बाटली फडताळात वर ठेव,
वर्षभर वर.

भटू, तू अंगणात ये जरा.
पाच वर्षं सगळ्यांनी हिलाच अंगारे लावले,
आणि जळगावला, तपासणीच्या दिवशी,
तू सिव्हिलच्या गेटाबाहेर दीड तास
मोटरसायकलवर चावी फिरवत बसलास.
मग आत आलास.
ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पण विसरलेही नाही.

हात धू, कोपरापर्यंत.
बागेत घड कसा उतरवतोस?
एक हात दांड्याला, एक खालून,
फणीला ओरखडा पडला तर व्यापारी भाव पाडतो म्हणून
श्वास धरून.
तसंच.
फक्त मान सांभाळ, ती अजून तिच्या ताब्यात नाही.

आणि ऐक. रात्री तासाभरात घडी भिजून गेली,
ताप चढला, डोकं फुटायला लागलं, अंधारी आली,
तर उजाडायची वाट बघू नकोस.
एकशे आठ लाव. नाही लागला तर
केळीचा ट्रक आडवा हो.
रडली तर 'उगाच रडते' म्हणू नकोस.
दोन आठवडे झाले तरी भिंतीकडेच बघत राहिली,
पोरीला जवळ घेईना, तर मला बोलव.
तेही बाळंतपणाचंच दुखणं.

सुपडाबाई, तू गप्प का?
तुझं नाव वहीत लिहिताना दरवेळी माझं पेन अडतं.
सुपात घालून तुला उकिरड्यावर ठेवलं होतं,
मूठभर बाजरी देऊन तुझ्या आईनं
परत विकत घेतलं, म्हणजे सटवाईची नजर पडू नये.
आधीची किती गेली, मी एकदा विचारलं,
तू तीन बोटं दाखवलीस
आणि चौथं अर्धंच उघडलंस.

उचललीस? पदरानं धर, चटका बसेल.
गोठ्याकडे ठेव.
अगं, तांब्याही भरून आणलास!

आता हा काटा आढ्याच्या कडीला अडकवते,
झोळीत ठेव तिला. सोड हात. सोड.
डुगडुगतोय अजून, थांब.
दोन किलो सातशे.
चांगलं आहे. लिहू?

"अजून एकडाव मोज ना, माय."